संपलं की थांबवलं

"मामा, मम्मी नहीं रही."

सकाळचा चहा हातात होता तेव्हा प्राचीचा फोन आला आणि तिनं एवढंच सांगितलं. प्राची म्हणजे माझ्या ताईची सून... खरं तर एकेकाळची सून. आता ती भिलाईला असते, दुसऱ्या घरी नांदते. रायपूरच्या कडेच्या बीरगावात ताईच्या शेजारी राहणाऱ्या साहू भाभींना ताई अंगणातल्या नळाजवळ पडलेली दिसली, तेव्हा त्यांनी मला, तिच्या सख्ख्या भावाला, फोन न करता आधी भिलाईला केला. नंतर मला म्हणाल्या, दीदी नेहमी सांगायच्या की काही झालं तर पहिले प्राचीला कळव. मी शहरातल्या पुरानी बस्तीतून निघून बीरगावला पोचेपर्यंत ताईला आत आणून निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेला होता, हृदय बंद पडलं म्हणून सांगून गेला होता. भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या... गेली, सुटली बिचारी, चल बसी, शांत झाली. प्रत्येकीचं क्रियापद वेगळं. ताई जिवंत असती तर एकेकीला थांबवून विचारलं असतं तिनं, म्हणजे नेमकं काय झालं? आयुष्यभर तिनं दुसरं काही केलंच नाही. आणि शेवटची काही वर्षं तिला दुसरं काही सुचलंही नाही.

ताईचं नाव विमल. शाळेत विमल मॅडम, बीरगावात मॅडम दीदी. आमचे बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरात आमची नागपुरी मराठी, शाळेत हिंदी, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरांशी छत्तीसगढी. इंग्रजी कुठेच नव्हतं. बाबांना वरच्या साहेबाकडून इंग्रजीत काही लिहून आलं की ते खिशात घालून घरी आणायचे आणि ताईसमोर धरायचे, तेवढंच काय ते इंग्रजी आमच्या क्वार्टरमध्ये शिरायचं. त्या कागदांतून तिला त्या भाषेचं वेड लागलं. ती एम.ए. झाली, समता कॉलोनीतल्या एका शाळेत मास्तरीण झाली. लग्न झालं ते उरल्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका प्लांटमध्ये नोकरीला असलेल्या भाऊजींशी, आणि ती बीरगावला राहायला गेली. लोकांनी नावं ठेवली, एवढी शिकलेली बाई त्या धुरात कशाला राहते म्हणून. ती तिथे रमली. संध्याकाळी शाळेतून आली की पुढच्या खोलीत सतरंजी घालायची आणि शिफ्ट करून आलेले फिटर, वेल्डर, पॅकिंगमधल्या पोरी, सगळ्यांना इंग्रजी बोलायला शिकवायची.

मी तिथे कितीदा तरी बसलो आहे. तिच्या शिकवण्यात एक धडा असा होता की त्यासाठी जुने विद्यार्थीही पुन्हा येऊन बसायचे. एखादी गोष्ट संपली हे इंग्रजीत किती तऱ्हांनी सांगता येतं, याचा तो धडा. प्लांटमध्ये म्हणे एका फिटरला त्याच्या सुपरवायझरनं विचारलं होतं, 'हॅव यू फिनिश्ड?' आणि तो ऐटीत म्हणाला, 'येस सर, आय हॅव स्टॉप्ड.' सुपरवायझर चिडला, काम अर्धवट टाकून सांगतोस वर? त्या बिचाऱ्यानं तर काम पुरं करून मशीन पुसून ठेवली होती. ताईनं ही गोष्ट सांगितली की सगळे हसायचे, तो फिटरही हसायचा, आणि मग ती समजावायची. 'स्टॉप' म्हणजे नुसतं थांबणं, काम अर्धं का असेना. 'फिनिश' म्हणजे शेवटापर्यंत नेणं. 'कम्प्लीट' म्हणजे त्यात आता कुठली उणीव उरली नाही. 'एंड' व्हायला तर कोणी माणूसही लागत नाही, रस्ता आपला आपण 'एंड' होतो. ताटातलं शीत न् शीत संपलं तर 'ईट अप'. जेवलास का विचारलं तर 'आय हॅव ईटन', पण काल जेवलो म्हणायचं तर 'हॅव' काढून टाक, कारण काल गेला, आता त्याचं आजशी काही नातं राहिलं नाही. मग ती मराठीवर यायची. आपल्यातही हे सगळं आहे, म्हणायची, फक्त आपण ते दुसऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर देतो. करून घेतलं, करून टाकलं, करून बसलो. "घेतलं म्हटलं की ते आपल्या कामी आलं," ती सांगायची. "बसलो म्हटलं की पस्तावलो. अन् टाकलं म्हटलं ना, की ते वापस येत नाही." पोरं हिंदीत उदाहरणं द्यायची, खा लिया, खा डाला, खा चुका... आणि चहा निवून जायचा तरी कोणाला घरी जायची घाई नसायची.

निखिल, तिचा एकुलता एक मुलगा, त्या सतरंजीवरच वाढला. लहानपणी भाऊजी ड्यूटीवर गेले की तो दारात उभा राहून रडायचा. ताईनं त्याला शिकवलं होतं, 'पप्पा हॅज गॉन टू द प्लांट' म्हणजे पप्पा गेले आहेत, अजून तिथेच आहेत. पप्पा घरी आले की म्हणायचं, 'पप्पा हॅज बीन टू द प्लांट'. 'बीन' म्हणजे जाऊन परत आला. पोरगा दिवसभर 'गॉन' म्हणत फिरायचा आणि भाऊजींची सायकल गल्लीत वळली की 'बीन, बीन' ओरडत धावायचा. भाऊजी थोडक्या आजारानं गेले तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे त्यानं एकाएकी सांगितलं की मी जहाजावर नोकरी करणार. आमच्या सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. मी ताईला म्हटलं, रेल्वेत लागला असता, प्लांटमध्ये लागला असता, एवढ्या लांब कशाला? ती म्हणाली, जाऊ दे, ज्या भाषेसाठी मी मेली ती तो जगात वापरेल तरी. तो गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मध्ये त्याचं प्राचीशी लग्न झालं. प्राची आमच्यातलीच, पण रायपुरात जन्मलेली, मराठी सगळं समजायचं आणि उत्तर हिंदीत द्यायची. ताई तिच्याशी मराठीत बोलायची, ती ताईशी हिंदीत, आणि दोघींचं छान जमायचं. शेवटच्या वेळी निघताना निखिल ताईच्या पाया पडला आणि म्हणाला, सहा-आठ महिन्यांत 'बीन' होऊन येतो.

आला नाही. आफ्रिकेच्या बाजूच्या समुद्रात कुठेतरी सकाळची हजेरी झाली तेव्हा निखिल जहाजावर नव्हता. पडला, लाटेनं नेला, काय झालं कोणालाच माहीत नव्हतं. पत्नी म्हणून प्राचीचा नंबर कंपनीकडे होता, तिला फोन आला. मी तसाच बीरगावला गेलो आणि तिथेच राहिलो. जहाज मागे वळवलंय, शोध चालू आहे, दुसरी जहाजंही शोधताहेत, असं ते रोज सांगायचे. ताई रडत नव्हती. ती रोज विचारायची, 'इज द सर्च स्टिल ऑन?' आणि ते म्हणायचे, 'येस मॅडम.' त्या 'ऑन' वर ती दिवसभर उभी असायची. खरंच उभी... बसायचीच नाही.

मग एका दुपारी फोन आला. प्राचीनं तो स्पीकरवर ठेवला आणि ताईनं तो तिच्या हातातून घेतला. पलीकडे कंपनीचा कोणी अधिकारी होता, आवाजावरून वयस्क, सभ्य माणूस. त्यानं सावकाश, ठरवून आणलेलं वाक्य वाचल्यासारखं सांगितलं की शोधकार्य 'हॅज बीन कन्क्लूडेड'. ताईनं विचारलं, कन्क्लूडेड म्हणजे काय? तो म्हणाला, 'इट इज ओव्हर, मॅडम. आय ॲम सॉरी.' ताई म्हणाली, काय 'ओव्हर' आहे? समुद्र 'ओव्हर' झाला का? हे ती इंग्रजीतच म्हणाली, पण वर्गात बोलायची तसं नाही. कापडासारखा फाटलेला आवाज होता. तेव्हा तिनं एकेक शब्द वेगळा करत विचारलं, 'डिड यू फिनिश सर्चिंग... ऑर डिड यू स्टॉप सर्चिंग?'

शोधून पुरं केलं, की शोधायचं थांबवलं? पलीकडून कितीतरी वेळ काही आलं नाही. मला वाटलं, फोन कटला. प्राची भिंतीला धरून उभी होती. मग तो माणूस अगदी हळू म्हणाला, 'वी स्टॉप्ड, मॅडम.'

ताईनं त्याला थँक यू म्हटलं. फोन खाली ठेवला आणि आमच्याकडे वळली. त्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते दुःख असतं तर बरं झालं असतं. ती आशा होती. "पाहिलं ना राजू," ती मला म्हणाली, "त्यायनं संपवलं नाई. थांबवलं हाय नुसतं."

त्या दिवसापासून माझी बहीण त्या एका क्रियापदात राहायला गेली. नातेवाईक जमले, आठवडे गेले, महिने गेले. आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात, वंदना होते, लोक चार शब्द बोलतात, घरच्यांना रडून मोकळं होता येतं. भाऊबंदांनी विषय काढला. मीही काढला, कारण मला वाटत होतं की याशिवाय ती आणि प्राची दोघीही वाचणार नाहीत. ताईनं मला बाहेर जायला सांगितलं, आवाज न चढवता. त्यानंतर कोणी तिच्यासमोर निखिलबद्दल 'होता' म्हणायची सोय राहिली नाही. साहू भाभी एकदा सहज म्हणाल्या की लडका बहुत अच्छा था. ताईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "था नहीं. है." भाभी बरेच दिवस आल्या नाहीत. हळूहळू बाकीचेही यायचे कमी झाले. शोकाच्या घरी काय बोलावं हे लोकांना ठाऊक असतं. पण जिथे शोक करायला मनाई आहे तिथे काय बोलायचं?

वर्ग तिनं चालू ठेवला, पण तो धडा शिकवायची बंद झाली. पोरांनी मागितला तरी पुढच्या आठवड्यात म्हणायची. एकदा पॅकिंगमधल्या एका पोरीनं आपण होऊन विचारलं, मॅडम, 'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' में क्या अंतर है? मी तिथे होतो. ताईनं खडू उचलला, फळ्याकडे वळली, आणि तशीच उभी राहिली. पाठ आमच्याकडे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आतून प्राची आली, तिनं ताईच्या हातातून खडू काढून घेतला आणि पोरांना म्हणाली, आज इतना ही. ती पोरगी पुन्हा वर्गाला आली नाही. तिला कोणीतरी सांगितलं असणार.

आणि काय काय नाही केलं तिनं. कंपनीला फोन करायची, तिथली माणसं बदलत गेली, नवीन माणसाला पहिल्यापासून सांगायची. ज्या जहाजांनी शोधलं त्यांची नावं मागायची. कुठल्या किनाऱ्यावर कोण कोळी असतील, त्यांनी एखाद्याला उचलून नेलं असेल, त्याची आठवण गेली असेल... हे ती मला इतक्या तपशिलानं सांगायची की मलाच तो किनारा दिसायला लागायचा. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, अंगारे-धुपारे करणाऱ्यांवर ताई जन्मभर हसत आलेली. तीच एके दिवशी मला म्हणाली, राजू, मले तिकडं गावात एक बैगा हाय म्हणतात, तिथं घेऊन चाल. स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. बैगा, म्हणजे तिकडचा मांत्रिक, म्हातारा होता, त्यानं तांदळाचे दाणे टाकले, डोळे मिटले आणि म्हणाला, "आही दाई, आही." येईल, आई, येईल. परत येताना रस्त्यात तिनं मला स्कूटर थांबवायला लावली. बाभळीखाली उभी राहून विचारलं, "'आही' म्हणजे येईल, का 'हाय'?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, नाही, तो 'हाय'च म्हणला असंन, आपण नीट ऐकलं नाई. मला तेव्हा पहिल्यांदा तिची भीती वाटली.

या सगळ्यात प्राची कुठे होती? प्राची तिथेच होती. सकाळी डबा भरून समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर जायची, संध्याकाळी येऊन भाकरी टाकायची, ताईच्या डोक्याला तेल लावून द्यायची. कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. काढायचं म्हटलं तर सासू जगायची नाही, घालायचं म्हटलं तर लोक काहीबाही बोलायचे. तिचे आईवडील माझ्याकडे येऊन बसायचे. पोरगी तिशीच्या आत आहे, म्हणायचे, भिलाईचं एक चांगलं स्थळ आहे, मुलगा समजदार आहे, त्याची बायको वारली आहे. बेपत्ता माणसासाठी कायद्यानं ठरवलेली सात वर्षं उलटली होती. वकिलाशी बोलून पाहिलं, तर तो म्हणाला कोर्टाकडून निखिल मृत असल्याचं ठरवून घ्यावं लागेल, आणि आईनं येऊन सांगितलं तर काम सरळ होईल. आई. म्हणजे ताई. मी प्राचीला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? ती खाली बघत म्हणाली, "मामा, मैं मम्मी से कभी नहीं बोलूँगी. आप भी मत बोलना." आणि थोड्या वेळानं, "थक गई हूँ बस."

मी बोललो नाही. कोणीच बोललं नाही. जे झालं ते एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीपाशी झालं. प्राचीला ताप होता, हटत नव्हता, म्हणून ताई तिला घेऊन गेली. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, वय विचारलं, मग पतीचं नाव विचारलं. प्राचीनं सांगितलं. त्यानं सवयीनं पुढे विचारलं, "हैं, कि नहीं हैं?" रांग मागे उभी होती. प्राचीनं मान वळवून ताईकडे पाहिलं.

ताईनं मला हे नंतर सांगितलं, माझ्या घरी येऊन. ती अशी न सांगता कधी यायची नाही. माझ्या बायकोनं दिलेलं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही. "ते माझ्याकडे पाहून राहिली होती राजू," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याचं, अन् उत्तर मले विचारून राहिली होती. अंगात ताप, पाय लटपटून राहिले, अन् ते मले विचारून राहिली का मी काय सांगू म्हणून..." मग ती म्हणाली, वकिलाले सांग, मी येतो म्हणा.

कोर्टात त्या दिवशी गर्दी नव्हती. प्राची मागच्या बाकावर, मी तिच्या शेजारी. ताई पांढरं लुगडं नेसून आली नव्हती, नेहमीची शाळेची साडी होती. वकिलानं हिंदीत विचारलं, इतक्या वर्षांत मुलाकडून काही निरोप आला का? नाही. कोणी पाहिल्याचं कळलं का? नाही. मग तुम्हाला काय वाटतं, मुलगा जिवंत आहे का? ताईनं कठड्यावर हात ठेवला. न्यायाधीश बाई होत्या, त्या म्हणाल्या, आरामात सांगा, पाणी घ्या. ताईनं पाणी घेतलं नाही. ती इंग्रजीत म्हणाली, 'माय सन डाइड.'

'हॅज डाइड' नाही. 'इज डेड' नाही. नुसतं 'डाइड'. ज्याचं आजशी काही नातं उरलेलं नाही असं. तिला त्यातला फरक माहीत होता आणि मलाही, कारण तिनंच तो आम्हा सगळ्यांना शिकवला होता. मला वाटलं, झालं, सुटलो. पण टाइप करणारा बाबू थांबला होता. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, हिंदी में बोलिए. त्यात त्याची काही चूक नव्हती, त्याला हिंदीतच घ्यायचं होतं. ताईचा चेहरा पाहवेना. इंग्रजीत ते वाक्य तिनं कसंतरी दूरवर धरून म्हटलं होतं, चिमट्यात निखारा धरावा तसं. आता ते हातात घ्यायचं होतं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला कळत होतं ती काय करते आहे... ती शब्द निवडत होती. नहीं रहा, गुज़र गया, मर चुका. तिला कुठलाही उचलवत नव्हता. प्राचीनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं मला रुतली.

"मर गया," ताई म्हणाली.

बाबूनं टाइप केलं.

बाहेर येऊन ती कोर्टाच्या आवारात एका ओट्यावर बसली. मी जवळ गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मारून टाकलं मी त्याले."

मी म्हटलं, ताई, असं नको म्हणू, तू त्या पोरीसाठी... तिनं हात वर करून मला थांबवलं. मग प्राची आली, ताईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लोक थांबून बघत होते. ताई तिच्या केसांवरून हात फिरवत होती आणि तिचे स्वतःचे डोळे मात्र कोरडे होते, कोरडे ठक्क.

प्राचीचं लग्न विहारात झालं, साधंच. ताई आईच्या जागी उभी राहिली. पोरीला साडी दिली, जावयाला मिठी मारली, निरोप देताना हसली. सगळे म्हणाले, केवढी मोठ्या मनाची बाई. घरी परतल्यावर तिनं वर्ग बंद केला. पोरं दोन-चारदा येऊन गेली, दार उघडलं नाही म्हणून परत गेली. तिनं निखिलचं नाव घेणंच सोडलं. 'आहे' म्हणत नव्हती, 'होता'ही म्हणत नव्हती. मी जायचो, आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोलायचो, धुराबद्दल बोलायचो. प्राची दर रविवारी भिलाईहून यायची, तिला जेवू घालायची. ताई जेवायची. डॉक्टरच्या गोळ्या घ्यायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाई सावरली. मला दिसत होतं की ती आतून बंद होत चालली आहे आणि माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. मी भाऊ, तिच्याहून लहान, कधी तिला काही शिकवलेलं नाही. मी नुसता जायचो आणि यायचो.

शेवटचं भेटलो ते ती जायच्या थोडे दिवस आधी. दुपार होती. ती अंगणात खुर्चीवर बसली होती. मी पेरू घेऊन गेलो होतो, ते कापत बसलो. इतक्या महिन्यांनी तिनं आपण होऊन तो विषय काढला. म्हणाली, "राजू, त्या फोनवरच्या सायबाची मले लय आठवण येते." मी म्हटलं, काहून? "भला माणूस होता," ती म्हणाली. "खोटं बोलला असता तं बरं झालं असतं. 'कम्प्लीटेड' म्हणला असता, का आम्ही पुरा समुद्र पाहून झाला बाई, कुठंच नाई तुहा पोरगा... तं मी तवाच रडून घेतलं असतं." तिनं पेरूची फोड हातात घेतली आणि तशीच धरून बसली. "मीच विचारलं ना त्याले. कोणाले अक्कल नव्हती तेवढी. मलेच होती."

मी तिला म्हटलं, आता रड ना ताई. ती म्हणाली, आता नाही येत.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी घरी सगळे जमले तेव्हा आमच्या काकांनी सुचवलं की आता निखिलचाही फोटो सोबत ठेवू, हार घालू, दोघांचं एकत्रच करून टाकू. कोर्टानं तर ठरवलंच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याही मनात आलं, राहिलेलं एकदाचं होऊन जाईल. प्राची तिच्या नवऱ्यासोबत आली होती, चहा देत होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मम्मी ने वो मेरे लिए बोला था, मामा. अपने लिए थोड़ी बोला था." मी परत येऊन काकांना सांगितलं, फक्त ताईचाच फोटो ठेवायचा. ते नाराज झाले. कार्यक्रम झाला. जुने विद्यार्थी कितीतरी आले होते, तो फिटरही होता, आता स्वतः सुपरवायझर झालेला. त्याला बोलायला उभं केलं, तर दोन वाक्यं हिंदीत बोलून खाली बसला.

घर रिकामं करायला मी आणि प्राची दोघंच होतो. साड्या, भांडी, पुस्तकं, कोणाला काय द्यायचं ते प्राचीनं भराभर ठरवलं. शेवटी ताईचा मोबाइल राहिला, जुना, बटणांचा. मी म्हटलं, याचं सिमकार्ड बंद करून घेतो. प्राचीनं तो माझ्या हातातून घेतला. मग अडखळत सांगितलं की निखिल शाळेत होता तेव्हापासून मम्मीचा हाच नंबर आहे. त्याला प्राचीचा नंबर कधी पाठ झाला नाही, कंपनीचाही नसेल. "उसको यही एक नंबर ज़बानी याद था." ती हे बोलत होती तेव्हा अंगणात तिचा नवरा सामान गाडीत ठेवत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मैं रिचार्ज करा दिया करूँगी. आप बस चार्ज करके रखना. मेरे घर में... वहाँ ठीक नहीं लगेगा."

तो फोन आता पुरानी बस्तीत माझ्या घरी आहे, खिडकीजवळच्या फळीवर. सकाळी देवपूजा करणारी माणसं फुलं बदलतात तसा मी उठलो की आधी तो चार्जिंगला लावतो. माझ्या बायकोनं सुरुवातीला विचारलं, हे किती दिवस? आता विचारत नाही. महिना संपत आला की रिचार्ज झाल्याचा मेसेज त्यावर येतो, म्हणजे भिलाईत प्राचीला आठवण राहिली असं मला कळतं. ती फोनवर माझ्या तब्येतीचं विचारते, मामींचं विचारते, पण या फोनबद्दल काहीच विचारत नाही. मीही तिला सांगत नाही की कर्जवाल्यांचे आणि चुकीच्या नंबरांचे फोन येतात, आणि प्रत्येक वेळी वाजला की आम्ही दोघं म्हातारे हातातलं काम तसंच ठेवून त्याच्याकडे बघत राहतो... मग मी उठतो आणि उचलतो.